रुळाच्या वजनाची साखळी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून १९६० साली रेल्वेचे रूळ निघू लागले. ब्रॉडगेजच्या रुळाची प्रमाण लांबी कित्येक वर्षं १३ मीटर होती. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाची लांबीही १३ मीटरच आहे. हा योगायोग मला एका संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर बसल्या बसल्या सुचला आणि मग मी गणित करतच गेलो. शिकवतो गणितच, त्यामुळे सवय जात नाही.

आजच्या रुळाचं वजन मीटरला साधारण ६० किलो. वरिष्ठ पुरुष गटात कबड्डीपटूचं वजन ८५ किलोच्या आत असावं लागतं. सगळेच त्या मर्यादेला टेकलेले धरले तर सात जणांचं वजन होतं ५९५ किलो. मैदानाची रुंदी १० मीटर. म्हणजे बचावाचे सात गडी एकमेकांचे हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे राहिले, तर त्या साखळीचं वजन मीटरला साडेएकोणसाठ किलो भरतं. भिलाईचा रूळ आणि कबड्डीची साखळी, दोघांचा भार जवळजवळ सारखाच. माझे वडील साठच्या दशकात भंडाऱ्याहून कारखान्यात कामाला आले. त्यांना हे गणित सांगायचं राहून गेलं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता तोच कारखाना १३० मीटर लांबीचा अखंड रूळ ओढतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा पट्टा तयार करतो. त्या एका पट्ट्याच्या बाजूनं कबड्डीची मैदानं लांबीत एकापुढे एक मांडली, तर बरोबर २० बसतात. हे आकडे मी इथे मांडतोय ते मोजमापाच्या प्रेमामुळे, आणि त्याहीपेक्षा एका तक्रारीमुळे. रुळाचा प्रत्येक मिलिमीटर मोजणाऱ्या या गावात, साखळी मात्र अजून कुणी मोजलेली नाही.

मोजणं काय असतं, ते अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल पाहिला की कळतं. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, अंगावर चिलखतासारखी गादी आणि डोक्यावर हेल्मेट. माझी भाची ॲन आर्बरला शिकायला होती. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ आसनं आहेत. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाई नागरी क्षेत्राची लोकसंख्या होती १०,६४,२२२. अशी दहा स्टेडियमं बांधली तर तान्ह्या पोरापासून पंच्याऐंशीच्या आजीपर्यंत आमचं अख्खं जुळं शहर त्यात बसेल आणि वर हजारो खुर्च्या रिकाम्या राहतील. हे एका विद्यापीठाचं मैदान आहे, हे पुन्हा एकदा वाचा.

त्या खेळात नुसता बचाव शिकवायला वेगळा प्रशिक्षक असतो. त्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. २०२५ च्या सुरुवातीला पेन स्टेट विद्यापीठानं जिम नोल्स यांना या कामासाठी वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर देऊ केले. त्या वेळच्या दरानं २६ कोटी रुपयांच्या पुढे. नियमित मोसमात १२ सामने, दर सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या साधारण ७० चाली धरल्या, तर वर्षाला ८४० चाली अडवायच्या. भागाकार करा: एका चालीमागे तीन लाखांहून जास्त रुपये. आणि एक चाल चालते किती वेळ? जेमतेम पाच-सहा सेकंद.

इथेच कबड्डी डोळ्यांपुढे उभी राहते. ७० चाली, सहा-सहा सेकंदांच्या. म्हणजे तीन तासांहून लांबलेल्या त्या सामन्यात बचावाला प्रत्यक्ष झुंजावं लागतं ते सातेक मिनिटं. कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तरी दोन्ही संघांच्या मिळून ८० होतात. त्यातल्या ४० चढायांना आपला बचाव तोंड देतो. ही झाली २० मिनिटं. तिथल्या जवळजवळ तिप्पट, आणि तीसुद्धा हेल्मेट नाही, गादी नाही, उघड्या हातांनी.

जागेचं गणित तर याहून थक्क करणारं आहे. अमेरिकी मैदान, दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे सोडून, १०० यार्ड लांब आणि सव्वात्रेपन्न यार्डांहून किंचित जास्त रुंद. चौरस मीटरमध्ये सुमारे ४,४६०. अकरा जणांत वाटलं तर माणशी ४०५ चौरस मीटर. चेंडू पुढेमागे सरकतो तशी राखायची जागाही कमी-जास्त होते, पण अंदाज म्हणून हा आकडा धरू. कबड्डीत आपली बाजू साडेसहा मीटर खोल. झटापट सुरू होईपर्यंत दोन्ही कडांचे एकेक मीटरचे राखीव पट्टे वर्ज्य, म्हणून रुंदी ८ मीटर. ५२ चौरस मीटरमध्ये सात जण. माणशी साडेसातसुद्धा नाही. तिकडचा गडी इकडच्यापेक्षा पंचावन्नपट जागा राखतो. म्हणून तिथे बचाव म्हणजे मुख्यतः अंतराचा प्रश्न: कोण कुठे उभा राहील, कोण माणसाच्या मागे धावेल, कोण जागा धरून थांबेल. चार पुढे, तीन मधे, चार मागे ही जुनी मांडणी. फेकाफेक वाढली तशी चार, दोन, पाच ही मांडणी कॉलेजांत रुळली. कबड्डीत अंतर नावाची चीजच शिल्लक राहत नाही. तिथे प्रश्न वेळेचा असतो.

मांडण्यांची संख्या काढताना एक गंमत हाती लागली. कबड्डीचा संघ बारा जणांचा, मैदानात सात. बारांतून सात निवडायचे आणि त्यांना सात जागांवर उभं करायचं, तर एकूण प्रकार होतात ३९,९१,६८०. अमेरिकेतल्या अकरा जणांना अकरा जागांवर फिरवायचं, तर प्रकार होतात ३,९९,१६,८००. पहिल्याच्या बरोबर दहापट, एकानं कमी नाही की एकानं जास्त नाही. बारापासून सहापर्यंतचा गुणाकार आणि अकरापासून एकपर्यंतचा गुणाकार शेजारी लिहून सामाईक आकडे खोडले, की एकीकडे उरतात १२ आणि दुसरीकडे १२०. दोन खंडांतले दोन खेळ, आणि त्यांच्यामधे एका शून्याचं अंतर. वर्गात हे फळ्यावर सोडवलं तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन बसली.

कबड्डीतली यातली एकेक मांडणी एकेका चढाईपुरती आजमावायची ठरवली तर? ३० सेकंदांना एक, दिवसरात्र, न थांबता: १,३८६ दिवस. पावणेचार वर्षांहून जास्त. प्रशिक्षकाला यातल्या बहुतेक सगळ्या आधीच बाद कराव्या लागतात. डाव्या कोपऱ्याचा गडी उजव्या कोपऱ्यात चालत नाही, मधला धिप्पाड गडी टोकाला घोट्यात सूर मारू शकत नाही. चाळीस लाखांतून पाच-सहा मांडण्या निवडणं, हेच त्याचं ज्ञान. ते ज्ञान बहुतेक ठिकाणी त्याच्या डोक्यातच राहतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं.

ताकदीच्या बाबतीत मात्र अमेरिकी आकड्यांपुढे हात जोडावेत. जॉर्जिया विद्यापीठाच्या २०२१ च्या संघात जॉर्डन डेव्हिस नावाचा बचावपटू होता. उंची साडेसहा फूट, वजन ३४१ पौंड, म्हणजे जवळपास १५५ किलो. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या चाचणीत हा माणूस ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला. सेकंदाला साडेसात मीटरहून जास्त! दोन कबड्डीपटूंच्या वजनाचा एक देह आणि त्याला धावपटूचा वेग. त्या संघानं १५ सामन्यांत दर सामन्याला सरासरी फक्त १०.२ गुण दिले, आणि त्यातले पाच बचावपटू २०२२ च्या व्यावसायिक निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले. त्याहून जुना आणि माझ्या मते मोठा आकडा टेनेसी विद्यापीठाचा आहे: १९३९ च्या नियमित मोसमात दहा सामने, प्रतिस्पर्ध्यांचे एकूण गुण शून्य. त्यांचे प्रशिक्षक रॉबर्ट नीलंड लष्करी अधिकारी होते. नियमित मोसम पूर्ण कोरा ठेवणं त्यानंतर वरच्या पातळीवर कुणालाही जमलेलं नाही. बचाव कोसळला तर काय होतं, याचाही आकडा तिथेच आहे. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी जॉर्जिया टेकनं कंबरलंड कॉलेजला २२२-० असं हरवलं.

आता पुन्हा आमच्या मैदानावर या.

संध्याकाळचे साडेपाच. बालोदकडचा एक पोरगा डाव्या कोपऱ्यात उभा. गावाकडे या खेळाला खुडवा म्हणतात, तो खेळतच तो मोठा झाला. गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या. डावा हात मोकळा. उजव्या हाताची बोटं शेजारच्या गड्याच्या बोटांत गुंफलेली. चढाई करणारा आत आला. सगळे त्याच्या हातांकडे पाहतात, हा पोरगा पाहतो कमरेकडे. हात फसवतात, डोळे फसवतात, पण कंबर वळल्याशिवाय पाय निघत नाही.

आकडे पाहा. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. समजा, चढाईपटू बोनस रेषेपर्यंत आला आणि उलटला. परत जाताना त्याला मध्यरेषेला नुसतं बोट लावायचं असतं. सूर मारून हात ताणला की अंग आणि हात मिळून दोनेक मीटर सुटतात. राहिले पावणेतीन मीटर. सेकंदाला पाच मीटर या वेगानं अर्ध्या सेकंदाहून थोडंसं जास्त. एवढ्या वेळात सात जणांनी ठरवायचं, झडप घालायची आणि अडवायचं. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला ०.२ सेकंद सहज लागतात. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वेळ तर नुसता पाहण्यातच गेला!

आणि म्हणून साखळी. स्पर्शाला माणूस नजरेपेक्षा लवकर प्रतिसाद देतो, सुमारे ०.१५ सेकंदांत. कोपऱ्यातल्या पोरानं झेप घ्यायच्या क्षणी बोटं सोडली की शेजारच्याला ते दिसण्याआधी तळहातात कळतं. वाचलेला वेळ ०.०५ सेकंद. पाच मीटरच्या वेगानं त्या वेळात चढाईपटू २५ सेंटीमीटर सरकतो. साधारण एक वीत. घोटा हातात येणं आणि निसटणं यांत अंतर तेवढंच असतं. मी कित्येक पकडी पाहिल्या आहेत ज्या एका वितीनं जमल्या आणि कित्येक एका वितीनं हुकल्या. साखळी ही आमच्याकडे अडवायची भिंत म्हणून शिकवली जाते. माझं म्हणणं असं की ती निरोपाची तारही आहे.

अमेरिकेत हाच निरोप पोचवण्यासाठी २०२४ पासून वरच्या पातळीवरच्या कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटात रेडिओची परवानगी मिळाली. बचावाच्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका. प्रशिक्षकाचा आवाज फक्त त्यालाच ऐकू येतो. चाल सुरू करण्यासाठी ४० सेकंदांचं घड्याळ चालतं आणि ते १५ वर आलं की रेडिओ बंद पडतो. पुढे अकरा जणांना आपापल्या डोळ्यांवर आणि ओरडण्यावर भागवावं लागतं. कबड्डीच्या साखळीतला निरोप सेकंदाच्या शेवटच्या शंभराव्या भागापर्यंत चालू असतो, त्याला बॅटरी लागत नाही आणि समोरच्याला तो ऐकू येत नाही. सात जणांत जोड्या होतात २१. त्यातल्या शेजारच्या सहा जोड्यांमध्ये हात असतो; उरलेल्या १५ जोड्यांना एकमेकांची सवय असावी लागते. ती सवय लागायला महिनोनमहिने जातात, आणि कॉलेजचा संघ तर दर तीन वर्षांनी पार बदलतो.

यापुढचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सात गड्यांपैकी कोण मैदानात आणि कोण बाहेर, याचे एकूण प्रकार किती? निदान एक जण आत असायला हवा, म्हणून १२७. त्यातल्या ६४ प्रकारांत चार किंवा जास्त गडी आत असतात, ६३ प्रकारांत तीन किंवा कमी. तिघे किंवा कमी असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, एक गुण जास्तीचा. म्हणजे जवळजवळ अर्ध्या परिस्थिती अशा, जिथे बचाव मोडकळीला आलेला असतो आणि नेमका तिथेच त्याला जास्तीचा गुण मिळू शकतो. प्रत्यक्ष सामन्यात हे १२७ प्रकार सारख्या वेळा येत नाहीत, हे मान्य. पण आमच्याकडे सरावात साखळी उभी राहते ती बहुतेक वेळा सातच्या सातांची. तिघांनी ५२ चौरस मीटर राखायचे, माणशी सतरा, हात धरायला शेजारी कुणी नाही, अशा अवस्थेचा सराव मी फार क्वचित पाहिला आहे. सहापेक्षा कमी गडी राहिले की बोनस रेषा ओलांडण्याचा जादा गुण मिळत नाही, म्हणजे चढाईपटूला खोल यायचं एक कारण कमी झालं. तेव्हा तिघांनी उभं कुठे राहायचं? बाद झालेले गडी ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं परत येतात. मग डावा कोपरा आणि त्याचा जोडीदार पाठोपाठ बाद झाले तर ते परतही पाठोपाठच येणार, त्याचा फायदा कसा घ्यायचा? हे सगळे प्रश्न मोजून सुटणारे आहेत.

मोजून, शिस्तीनं बचाव बांधला तर काय होतं हे ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्त्याला दिसलं. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारताची. २०१८ च्या उपांत्य फेरीत इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. ४० मिनिटांत १८ गुण. सव्वादोन मिनिटांत एक, इतका कडेकोट बचाव. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला हरवलं, २७-२४. दोन्ही सामन्यांत इराणचे गुण २७. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पराभवाचं दुःख झालं, पण एका मराठी प्रशिक्षक बाईंनी परक्या देशात जाऊन, परकी भाषा बोलणाऱ्या मुलींकडून हे करून घेतलं, याचा अभिमान मला त्या दुःखापेक्षा आजही जास्त वाटतो. शिकवण्यात केवढं बळ असतं, याचा पुरावा म्हणजे त्या तीन गुणांचा फरक.

पैशाचा मुकाबला आपण करणार नाही आणि करायची गरजही नाही. संख्येत आपण फार पुढे आहोत. अमेरिकेतल्या वरच्या पातळीवर २०२५ मध्ये १३६ विद्यापीठ संघ, प्रत्येकी साधारण १०५ खेळाडू धरले तर १४,२८०. भारतात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ४५,४७३ महाविद्यालयं मोजली गेली. प्रत्येकानं नुसती सात मुलं मैदानात उतरवली तरी होतात ३,१८,३११. बावीसपटीहून जास्त. कमी आहे ती नोंद.

दुर्ग-भिलाईच्या आणि विदर्भातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. या मोसमापासून एक साधी वही ठेवा. प्रत्येक चढाईला एक ओळ: आत कोण कोण होतं, चढाईपटू कोणत्या बाजूनं आला, पकड कुणी सुरू केली, काय झालं. एका सामन्याच्या ऐंशी ओळी. लिहायला राखीव खेळाडूंपैकी कुणी तरी बाकावर बसलेलाच असतो. दहा सामन्यांनंतर आठशे ओळी होतील, आणि तुमचे तिघे आत असताना किती पकडी जमल्या हे तुम्हाला पहिल्यांदा आकड्यात कळेल. बेरजा करायला कुणी लागलं तर भिलाईत मी आहे.